राक्षसी किडे, बोंडअळी आणि अमानत

परदेशी भयपटांमध्ये किड्यांच्या चित्रपटांची एक वेगळीच जात आहे. त्यांची गोष्ट बहुधा ठरलेली असते. प्रयोगशाळेत एखादा शास्त्रज्ञ प्रयोग करतो, कोळी, मुंगी किंवा झुरळ हाताबाहेर जाते, हत्तीएवढे होते आणि शहरावर चालून येते. शेवटी लष्कर येते, आग लागते, किडा मरतो आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांत पोहोचला आणि त्यापाठोपाठ हिंदीत डब केलेले हॉलिवूडचे चित्रपटही पोहोचले. १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला, तेव्हा ज्यांनी शाळेत विज्ञानाचे पुस्तक धड उघडले नव्हते त्या पोरांच्या तोंडीसुद्धा डायनासोर आणि त्याचे 'जीन' आले.

हे चित्रपट करमणूक म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्यांच्या पोटात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे. सजीवांच्या मूळ घडणीत माणसाने हात घालावा काय? आणि घातलाच, तर त्याचा जाब कोणी द्यायचा? हा प्रश्न अमेरिकेचा आहे, आपला नाही, असे म्हणण्याची सोय मराठवाड्याला राहिलेली नाही. ज्या कपाशीवर इथल्या लाखो घरांची चूल पेटते, ती कपाशी गेली वीसहून अधिक वर्षे जनुक बदललेली आहे. आपल्यातल्या नदाफ, पिंजारी, मन्सुरी मंडळींचा पिढीजात धंदाच कापूस पिंजण्याचा. मोमीन विणकरांचे पोट सुतावर चाललेले. शेतात वेचणीला जाणाऱ्या बायांत आपल्या बायाही आहेत. तेव्हा या प्रश्नाचा विचार आपण करायचा नाही, तर कोणी करायचा?

आधी चित्रपटांकडे पाहू. १९५४ च्या 'देम!' या अमेरिकन चित्रपटात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात राक्षसी मुंग्या निपजतात. कारण काय, तर १९४५ मध्ये तिथे झालेला पहिला अणुस्फोट. त्याच वर्षी जपानने 'गॉडझिला' काढला. हिरोशिमाची राख अजून गरम होती आणि माणसाला स्वतःच्या हातांचीच भीती वाटू लागली होती. पुढे अणूची जागा जनुकाने घेतली. याचा एक सोपा पुरावा आहे. १९६२ च्या मूळ चित्रकथेत 'स्पायडरमॅन'ला चावणारा कोळी किरणोत्सर्गाने बाधित होता. २००२ च्या चित्रपटात तोच कोळी जनुकीय प्रयोगातून तयार झालेला दाखवला आहे. चाळीस वर्षांत भीतीने घर बदलले, एवढाच याचा अर्थ.

या सगळ्यांत विचार करायला लावणारा चित्रपट १९९७ चा 'मिमिक'. न्यूयॉर्कमध्ये झुरळांमुळे एक रोग पसरतो आणि लहान मुले मरू लागतात. एक स्त्री-कीटकशास्त्रज्ञ वाळवी आणि खंडोबाचा किडा यांच्या जनुकांतून नवा कीटक घडवते. तो झुरळांचा नाश करतो आणि मुले वाचतात. तो काही महिन्यांतच मरावा, त्याची पैदास होऊ नये, अशी तजवीज केलेली असते. पण तीन वर्षांनी कळते की तो मेलाच नाही. भुयारी रेल्वेच्या अंधारात तो पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेला आणि आता माणसाचे सोंग घेऊ लागला आहे. या चित्रपटातली शास्त्रज्ञ दुष्ट नाही. तिने खरोखरच मुले वाचवली आहेत, आणि म्हणूनच तिला सरळ दोषी ठरवून मोकळे होता येत नाही.

आता विज्ञानाची एक गोष्ट सांगणे भाग आहे. किडा हत्तीएवढा होऊच शकत नाही. शरीराची लांबी दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे भार पेलण्याची ताकद, चारपटच वाढते. गॅलिलिओने हे १६३८ मध्येच मांडले होते. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये यावर एक सुंदर निबंध लिहिला. हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. शिवाय किड्याला आपल्यासारखी फुप्फुसे नसतात. अंगातल्या बारीक नळ्यांतून हवा आत जाते आणि त्या नळ्यांनी मोठ्या देहाला प्राणवायू पुरत नाही. म्हणजे पडद्यावरचा राक्षस आपल्याला कधीही खाणार नाही. पण किड्याला राक्षस व्हायला मोठे व्हावेच लागते, असे कुठे आहे? तो नखाएवढा राहूनही घर बुडवू शकतो. मराठवाड्याने तो पाहिला आहे. त्याचे नाव गुलाबी बोंडअळी.

ज्या वर्षी जनुकीय कोळ्याचा 'स्पायडरमॅन' आला, त्याच वर्षी, २६ मार्च २००२ रोजी, केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ मध्ये रेशमाच्या किड्यांत सापडला, आणि १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया भागात बर्लिनर यांनी त्याचे वर्णन केले. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात ते प्रथिन चिकटते, आतड्याला भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ते चिकटायला जागाच नसते. हे प्रथिन बनवणारे जनुक कपाशीत घातले, म्हणजे झाडाच्या पानापानात अळीचे विष तयार होऊ लागले. पहिल्या वाणात असे एक जनुक होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला फायदा झाला. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या, अनेकांच्या हातात चार पैसे आले. शेतकऱ्याने हे बियाणे भोळेपणाने घेतले असे म्हणणे हा त्याच्या अकलेचा अपमान आहे. त्याने पाहिले, हिशेब केला आणि घेतले. पण अळीही बसून नव्हती. विषाने शंभरातल्या नव्याण्णव मेल्या, तरी जी एक वाचते तिचीच पोरे पुढचा हंगाम पाहतात. २०१० मध्ये बियाण्याच्या कंपनीनेच मान्य केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. पुढे पाच-सहा वर्षांत ती दोन जनुकांनाही पचवू लागली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर हाहाकार झाला. ही अळी बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते, फोडले की आत किडकी सरकी. त्या वर्षी कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडली, नांगर फिरवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात गेले. ज्या बियाण्याने फवारणी संपायची होती, ते पेरूनही माणसे फवारणीने मेली.

'मिमिक'ची गोष्ट ती हीच. पण एक मोठा फरक आहे. चित्रपटात आपल्याला गुन्हेगार दिसतो. इथे गुन्हेगार सापडत नाही. कंपनी म्हणते, शेतकऱ्याने सूचना पाळल्या नाहीत. शेतकरी म्हणतो, मला कोणी सांगितलेच नाही. दुकानदार म्हणतो, मी फक्त पिशवी विकतो. सरकार म्हणते, आम्ही पंचनामे केले. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि सगळे मिळून हात झटकून उभे आहेत.

त्या सूचनांचे उदाहरण बघा. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी येत असे, बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने पेरायची होती. त्या झाडांवर काही अळ्या जगाव्यात, विष न पचवणाऱ्या. त्यांच्या पतंगांचा संयोग विष पचवणाऱ्या पतंगांशी व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा दुबळी निपजावी, हा त्यामागचा विचार. थोडक्यात, पिकातला एक हिस्सा किड्यासाठी सोडायचा होता. बहुतेकांनी ती पुडी पेरली नाही. दोन एकरवाल्याला किड्यासाठी ओळी सोडा म्हणणे सोपे नाही. शिवाय त्या पुडीतले बियाणे धड असेलच याची खात्री नसायची. हे ओळखून पुढे दोन्ही बियाणे एकाच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आणली, पण तोवर अळी शिकून गेली होती.

आणि हे अटळ होते असेही नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना वगैरे राज्यांत हीच गुलाबी अळी होती आणि हेच जनुक होते. तिथे शेतकऱ्यांनी मिळून ठरवले, विद्यापीठाने देखरेख ठेवली, सुरुवातीची वर्षे किड्याचा हिस्सा सोडला गेला, पुढे विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ती अळी आपल्या कपाशीतून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. आपण मात्र ते जनुक दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांत घातले. त्यांचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि हंगाम लांबवून फरदड घेतली की अळीला वर्षभर जेवण मिळते. जनुक तेच असताना निकाल उलटा लागला. म्हणजे प्रश्न केवळ जनुकाचा नाही. त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांचा आणि त्यांच्या व्यवहाराचा आहे.

आपल्यात या विषयावर बोलणे निघाले की दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, ही अल्लाहच्या कामात ढवळाढवळ आहे, हरामच समजा. दुसरे म्हणते, विज्ञानात धर्म आणू नका, विज्ञान पुढे जातच राहणार. दोन्ही मते मला अपुरी वाटतात.

पहिले मत मांडणारे कुरआनच्या चौथ्या सूरेचा आधार घेतात. अल्लाहची निर्मिती बदलायला लावण्याची धमकी तिथे सैतान देतो. इशारा गंभीर आहे, तो थट्टेवारी नेऊ नये. पण त्याचा अर्थ कोणताही बदल नको असा घेतला, तर आंब्याचे कलमही बंद करावे लागेल आणि खेचरही. मदिनेतली खजुरांची हकीगत बहुतेकांना ठाऊक आहे. तिथले लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला बांधत असत. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याबद्दल सहज शंका व्यक्त केली, लोकांनी तसे करणे सोडले आणि पीक घटले. तेव्हा त्यांनी सांगितले की तुमच्या या दुनियेच्या कामांत तुम्हीच अधिक जाणकार आहात. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. झाडाच्या प्रजननात माणसाने हात घालण्याचाच तो प्रसंग, आणि निकाल अनुभवाच्या ज्ञानाच्या बाजूने लागला. मग हात घालणेच मुळात गुन्हा आहे, असे कसे म्हणावे?

पण दुसरे मत तेवढ्याने जिंकत नाही. मदिनेचा तो शेतकरी आपल्या झाडाचा मालक होता. प्रयोग त्याचा, नुकसान त्याचे, आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलण्याचे स्वातंत्र्यही त्याचेच. आज जनुक एकाच्या प्रयोगशाळेत आहे, नफा दुसऱ्याच्या खात्यात आहे आणि धोका तिसऱ्याच्या पाठीवर, फवारणीच्या पंपासारखा. ज्ञान, नफा आणि धोका अशा तीन ठिकाणी वाटले गेले की अमानतीचा प्रश्न उभा राहतो. अमानत म्हणजे आपल्या हाती सोपवलेली, पण आपली नसलेली वस्तू. ती वापरायला मनाई नाही. पण ती बिघडली तर आपण उत्तर द्यायचे असते, आणि विकून टाकली म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

कुरआनच्या तीन सूरांना किड्यांची नावे आहेत. नहल म्हणजे मधमाशी, नम्ल म्हणजे मुंगी आणि अनकबूत म्हणजे कोळी. चित्रपटवाल्यांनी ज्यांना राक्षस केले, त्यातलेच हे दोघे-तिघे. नम्लमध्ये हजरत सुलेमान (अ.स.) यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी इतरांना सावध करते, घरात शिरा, नाहीतर लष्कर नकळत तुम्हाला चिरडून टाकेल. त्यातला 'नकळत' हा भाग फार मोलाचा आहे. मुंगी सुलेमानांना जालीम म्हणत नाही. बलवानाचा पाय दुबळ्यावर बहुधा नकळतच पडतो, हे ती जाणते. आणि ऐकल्यावर तो बादशहा हसतो आणि नेक काम घडावे म्हणून दुआ मागतो. जो सत्तावान असूनही मुंगीचे ऐकतो, त्याच्या हाती सामर्थ्य शोभते. आपल्याकडे ऐकण्याची ही सोय होती काय? १२० ग्रॅमच्या पुडीवरची बारीक अक्षरे म्हणजे ऐकणे नव्हे.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वानांच्या मंडळींनी एक रिसाला लिहिला. १८१० मध्ये मौलवी इक्राम अली यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी तो उर्दूत आणला. त्यात जनावरे माणसावर जिन्नांच्या बादशहासमोर दावा लावतात. त्या दाव्याचा मुद्दा असा की श्रेष्ठ असल्याचा दावा करणाऱ्याने तो सिद्ध करून दाखवला पाहिजे. हजार वर्षांपूर्वी आपल्या परंपरेत हा प्रश्न विचारून झाला आहे. तो परदेशी चित्रपटांकडून उसना घेण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, या नैतिक चर्चेला गरिबाला सवड नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. २०१७ च्या जानेवारीत जालना जिल्ह्यात दावलवाडी येथे डेंग्यूच्या डासांवर एक चाचणी सुरू झाली. जनुक बदललेले नर डास, ज्यांची पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात, ते मोठ्या पिंजऱ्यांत सोडून पाहायचे होते. 'मिमिक'च्या कथेशी याचे साम्य पाहून अंगावर काटा येईल. पण डेंग्यूने ज्याचे मूल गेले त्याला विचारा, तो म्हणेल, करून पाहा. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील बीटी बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची मागणी होती की नवे तंत्रज्ञान घेण्याचा हक्क आम्हाला द्या. तेव्हा 'नको' म्हणणेही प्रत्येक वेळी गरिबाच्या बाजूचे नसते.

पण 'करून पाहा' म्हणण्यासाठी आधी माहीत असावे लागते. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प दिल्लीत होता. सोनीपतला डास सोडायची तयारी होती. लोकांना विश्वासात घेतले गेले नाही, वर्तमानपत्रांत जैविक युद्धाचा संशय उठला, संसदेच्या समितीने ताशेरे ओढले आणि १९७५ मध्ये सगळे गुंडाळावे लागले. त्यातला संशय किती खरा हा वाद बाजूला ठेवला, तरी धडा स्पष्ट आहे. लपवून केलेले चांगले कामही बदनाम होते.

लातूरकडे वळलो तर प्रश्नाचे आणखी एक रूप दिसते. लातूर सोयाबीनची बाजारपेठ. सोयाबीन स्वपरागी पीक, म्हणून शेतकरी घरचे बियाणे राखून दुसऱ्या वर्षी पेरू शकतो. इथे जनुक बदललेल्या सोयाबीनची लागवड करायला परवानगी नाही. पण ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी आयात करायला मुभा दिली, आणि नव्या मालाच्या तोंडावर भाव घसरले. आपल्या शेतकऱ्याने जे पिकवणे धोक्याचे, ते परदेशी शेतकऱ्याने पिकवून इथे विकणे मात्र चालते. भीती खरी असेल तर ती दोन्हीकडे लागू व्हावी. खरी नसेल तर ती शेतकऱ्यालाच का दाखवावी? नैतिक नियम एकाच बाजूने लागला की तो नियम राहत नाही.

पुढचे दिवस याच वाटेने जाणार आहेत. २०२५ च्या मे महिन्यात देशात जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. जनुकीय मोहरीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. उद्या तूर येईल, हरभरा येईल. प्रत्येक वेळी एक टोळी म्हणेल, राक्षस आला. दुसरी म्हणेल, चमत्कार झाला. आपण दोघांच्या मागे न जाता चार साधे प्रश्न धरून बसावे. हे बियाणे चुकले तर नुकसान कोण भरणार, हे आधी लिहून दिले आहे काय? पुढच्या वर्षी ते सोडून देण्याची सोय शेतकऱ्याला आहे काय? किड्याची चाल बदलते आहे की नाही, हे पाहायला शेतात कोण येणार आणि ते निष्कर्ष मराठीत कोण सांगणार? आणि जी बाई ते वेचणार, जो गडी ते फवारणार, त्यांना कोणी विचारले काय?

हे प्रश्न शास्त्रज्ञाच्या विरोधात नाहीत. प्रामाणिक शास्त्रज्ञाला ते हवेच असतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेला 'नांदेड ४४' हा संकरित वाण एकेकाळी महाराष्ट्रभर नाव घेऊन मागितला जाई. ते केंद्र सरकारी आहे, आपल्या कराच्या पैशावर चालते. तिथे जाऊन विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. ग्रामसभेत विचारता येते, कृषी खात्याच्या माणसाला बांधावर उभे करून विचारता येते, बियाण्याची पावती जपून ठेवता येते. आपल्या शिकलेल्या मुलांनी कृषी विद्यापीठात जावे, जनुकशास्त्र शिकावे आणि गावात परत येऊन ते बायाबापड्यांना समजेल असे सांगावे, हेही इल्मचेच काम आहे. किड्याला राक्षस म्हणून त्याची भीती घेत बसण्यापेक्षा बोंड फोडून आत पाहायला शिकणे बरे. अळी तिथेच असते, आणि तिथेच ती लवकर सापडते.